अप-डाऊन सेम म्हणाला होतात, मग अपलोड 20 कसं?

प्रति,
कस्टमर केअर

नमस्कार,

जूनमध्ये आमच्या कोथरूडच्या सोसायटीत तुमचा माणूस पार्किंगमध्ये टेबल टाकून बसला होता, त्याच्याकडून मी 200 एमबीपीएसचा इंटरनेट प्लॅन घेतला. घेताना एकच प्रश्न तीनदा विचारला, अपलोड किती? कारण मी घरून व्हिडिओ एडिटिंग करते आणि रोज आठ-दहा जीबीच्या फाईल मुंबईच्या ऑफिसला पाठवायच्या असतात. तर म्हणे "मॅडम, फायबर आहे, अप-डाऊन सेमच." झालं, वर्षाचे पैसे एकदम भरून मोकळे, महिना 999 ने 11,988 आणि वर 18 टक्के जीएसटी, म्हणजे 14,146 रुपये.

डाउनलोड 190 च्या आसपास मिळतं, त्याबद्दल काही म्हणणं नाही. पण अपलोड 20! जी 10 जीबीची फाईल सात मिनिटांत जायला पाहिजे तिला तासाच्या वर लागतो, आणि मध्येच मीटिंग लागली की माझा आवाज तुटतो, सगळे म्हणतात तुझं नेट गंडलंय. आधी वाटलं रस्ता खोदल्यामुळे असेल, आमच्याकडे तो कायमच खोदलेला असतो.

फोन केला की एकच, राऊटर रिस्टार्ट करा, वायफायपासून लांब बसला असाल. अहो, लॅपटॉपला थेट लॅन केबल लावून सकाळी सहाला, दुपारी, रात्री अकराला टेस्ट केलीये, दरवेळी 20 च, स्क्रीनशॉट जोडलेत. वायफायचा प्रॉब्लेम असता तर आकडा वर-खाली झाला असता ना. शेवटी तुमच्याच एका मुलाने सांगितलं की या प्लॅनला अपलोड तेवढंच आहे. मग पॅम्प्लेटवर का नाही छापलं? तिथे 14 ओटीटी फ्री छापलेत. आमच्या सासूबाई त्यातल्या एकावर एकच सिरीयल बघतात, बाकीच्या 13 चं काय लोणचं घालू?

आणि ते "अनलिमिटेड". मागच्या महिन्यात 24 तारखेला डाउनलोड अचानक 2 वर आलं, विचारलं तर 1000 जीबी संपले, एफयूपी (ठरलेला डेटा संपला की स्पीड कमी करायचा नियम) लागली म्हणे. 2023 पासून सरकारी व्याख्येत 2 एमबीपीएसच्या खाली ब्रॉडबँडच म्हणत नाहीत, तुम्ही अगदी काठावर आणून ठेवलंत.

दोनदा तक्रार केली, दोन्ही वेळा कोणी फिरकलं नाही आणि "रिझॉल्व्ड" असा मेसेज मात्र आला.

आता एक तर उरलेल्या महिन्यांसाठी त्याच पैशात अप-डाऊन सेम असलेला प्लॅन द्या, नाहीतर उरलेल्या महिन्यांचे पैसे जीएसटीसकट परत करा. या तक्रारीचा डॉकेट नंबर लेखी पाठवा, तो घेऊन मी तुमच्या अपिलेट अथॉरिटीकडे, म्हणजे तक्रार सुटली नाही तर वर दाद मागायची असते तिथे, जाणार आहे, ट्रायच्या (टेलिकॉम कंपन्यांवर देखरेख ठेवणाऱ्या सरकारी संस्थेच्या) नियमात ती सोय आहे.

फोन करायचा तर सकाळी अकराच्या आत करा, नंतर माझं अपलोड चालू असतं.

तुमची एक ग्राहक,
कोथरूड, पुणे