तीन हप्त्यांतला हशा

ब्रुसेल्स,
2 जून

प्रिय नंदू,

परवा फोनवर तू विचारलंस, "भाषाच कळत नाही तर ती नाटकं बघून तुला मिळतं काय?" तेव्हा मी ट्राममध्ये लोंबकळत उभा होतो. थातूरमातूर काहीतरी बोललो आणि फोन ठेवला. ते उत्तर माझं मलाच पटलेलं नाही. आणि त्याच फोनवर तू जाताजाता म्हणालास की नव्या नाटकातले अहिराणी संवाद तू प्रमाण मराठीत फिरवायला घेतलेस, "बाहेरच्यांना कळायला हवं ना." ते ऐकल्यापासून मला चैन नाही. म्हणून आज सुट्टी आहे तर पत्रच लिहायला बसलोय. लांबेल. चहा घेऊन बस.

इथला महोत्सव नुकताच संपला. दरवर्षी मे महिन्यात तो जवळपास तीन आठवडे चालतो. नाटक, नृत्य, परफॉर्मन्स, चित्रपट, मांडणशिल्पं, सगळं आत्ताच्या काळातलं आणि जगभरातून आलेलं, त्यातलं बरंचसं तर इथेच पहिल्यांदा लोकांसमोर येतं. एका ठरलेल्या मैदानात किंवा सभागृहात नाही, शहरभर पसरलेलं असतं. नोकरी सांभाळून मी अकरा प्रयोग पाहिले. पाय दुखतायत, पण मन भरलंय.

आधी नाव सांगतो, कारण मला हा महोत्सव पहिल्यांदा आवडला तो नावामुळेच. कुन्स्टेनफेस्टिवलदेझार. मध्ये जागा न सोडता एका दमात लिहितात. डच भाषेत 'कुन्स्टेनफेस्टिवल' म्हणजे कला महोत्सव. फ्रेंचमध्ये 'फेस्टिवल देझार' म्हणजेही तेच. ही दोन नावं एकमेकांत अशी सरकवली आहेत की मधला 'फेस्टिवल' दोघांचा झाला. आपल्या चाळीत दोन बिऱ्हाडांमध्ये एकच भिंत असायची ना, तसा. ती काढली तर दोन्ही घरं पडतात.

ब्रुसेल्स कागदोपत्री द्विभाषिक आहे. रस्त्याच्या पाटीवर दोन नावं, मेट्रोच्या स्टेशनलाही दोन. मी रोज जिथे गाडी बदलतो ते स्टेशन फ्रेंचमध्ये 'आर-ल्वा' आणि डचमध्ये 'कुन्स्ट-वेट'. वरच्या दोन रस्त्यांवरून पडलेलं नाव, अर्थ दोन्हीकडे 'कला-कायदा'. पण पाट्या शेजारी लागल्या म्हणून माणसं शेजारी बसतातच असं नाही. शाळा वेगळ्या, वर्तमानपत्रं वेगळी, टीव्ही वाहिन्या वेगळ्या. जवळच्या ल्यूव्हेनचं शेकडो वर्षांचं विद्यापीठ 1968 मध्ये भाषेच्या भांडणात दुभंगलं, तेव्हा ग्रंथालयातली पुस्तकंसुद्धा सम आणि विषम क्रमांक बघून वाटून घेतली. भाऊ वेगळे होताना ताटं एकाकडे आणि वाट्या दुसऱ्याकडे जातात, तसं. ज्ञानकोशाचे खंडसुद्धा असे फुटले असतील का, हा विचार माझ्या डोक्यातून जात नाही.

आणि इथे साऱ्या देशाचं मिळून एक सांस्कृतिक खातंच नाही. तो विषय भाषिक समाजांकडे. डचवाल्यांचा फ्लेमिश समाज, फ्रेंचवाल्यांचा फ्रेंच, पूर्वेला छोटा जर्मन भाषिक समाज. म्हणजे नाटकासाठी अनुदान मागायला गेलास की पहिला प्रश्न, तुम्ही कोणाचे? अशा शहरात 1994 साली फ्री लायसेन नावाच्या बाईंनी हा महोत्सव उभा केला तो दोघांचा मिळून, दोन्ही दारं ठोठावून. त्याआधी त्या अँटवर्पला देसिंगेल हे मोठं कलाकेंद्र चालवत होत्या, तिथेच आरामात राहता आलं असतं. 2006 पर्यंत त्यांनी हा महोत्सव सांभाळला. 2014 मध्ये त्यांना इरास्मस हा युरोपातला मोठा सांस्कृतिक पुरस्कार मिळाला. सप्टेंबर 2020 मध्ये त्या गेल्या, आणि त्याच वर्षी मे महिन्यात कोरोनामुळे महोत्सव होऊ शकला नव्हता. त्यांचा एक आग्रह मला फार मोठा वाटतो. बाहेरून येणारा कलावंत आपल्या देशाचा नमुना म्हणून येत नाही, तो त्याचं स्वतःचं म्हणणं घेऊन येतो, एवढंच बघायचं. आपल्याकडे 'आदिवासी नृत्य', 'ग्रामीण नाटक' असे डबे लावून माणसं मंचावर आणतात, ते आठवलं की ह्या आग्रहाची किंमत कळते.

आता तुझा प्रश्न. एकाच संध्याकाळची गोष्ट सांगतो.

प्रयोग फ्लेमिश नाट्यगृहात होता, के.व्ही.एस.मध्ये. 1887 ची इमारत. बाहेरच्या अंगाला मजल्यामजल्यावर लोखंडी सज्जे आहेत. आग लागली तर प्रेक्षकांना थेट बाहेर पडता यावं म्हणून ते मुद्दाम काढले होते. नाटक फारसीत, दोनच नट्या, एक म्हातारी आणि एक तिशीची. मध्ये एक मोठी पांढरी चादर. नाटकभर त्या ती चादर घडी करतात, पुन्हा उलगडतात, बोलत राहतात. मंचाच्या वर एका पट्टीवर संवादांचं भाषांतर, पहिल्या ओळीत फ्रेंच, खाली डच. माझ्या शेजारी सत्तरीच्या एक बाई होत्या, त्या डच वाचत होत्या. मी अडखळत फ्रेंच. फारसी आम्हा दोघांनाही येत नव्हती.

पहिला विनोद आला आणि मागून, वरच्या रांगांतून, हशा उठला. तिथे इराणी मंडळी बसली होती. मग फ्रेंचवाले हसले. मग क्षणभराने माझ्या शेजारच्या बाई आणि त्यांच्यासारखे डचवाले. एकच विनोद तीन हप्त्यांत सभागृहात पसरला, आणि मंचावरची म्हातारी पुढचं वाक्य तोंडात धरून तिसऱ्या हप्त्यापर्यंत थांबली. नंदू, तिचं ते थांबणं मी जन्मभर विसरणार नाही. कोणालाही मागे ठेवून ती पुढे गेली नाही.

थोड्या वेळाने माझ्या लक्षात आलं की मी नुसता वर वाचतोय. मान खाली केली तेव्हा म्हातारीने चादरीचं टोक सोडून दिलेलं होतं. कधी सोडलं? का सोडलं? मी वाचत होतो तेव्हा. त्यानंतर मी पट्टीकडे बघणं जवळजवळ बंद केलं. आणि मग कानांना एक शब्द लागला, 'फघत'. पुन्हा आला. 'फघत'. अरे, हा तर आपला 'फक्त'! मग 'खबर' लागला, 'हवा' लागला, 'जमीन' लागला. लहानपणापासून तोंडात असलेले शब्द, त्यांचं जुनं घर इथे एका परक्या बाईच्या तोंडून मला दिसलं. अंगावर काटा आला. अर्थ कळला असं म्हणणार नाही. पण ती 'फघत' म्हणताना हाताची जी मूठ करायची, ती मला पुरेपूर कळत होती.

प्रयोग संपल्यावर मी मागे थांबलो, कारण मला त्या पट्टीवाल्या माणसाला भेटायचं होतं. ती ओळ आपोआप बदलत नाही रे. मागच्या काचेच्या खोलीत एक मुलगी बसलेली असते, नट जसं बोलेल तसं बटण दाबते. नटाने चार वाक्यं गाळली की तिला तिथल्या तिथे उडी मारावी लागते, तो लांबला की थांबावं लागतं. मी तिला म्हटलं, माझा एक मित्र हेच काम विंगेत उभा राहून करायचा. तिला प्रॉम्प्टर म्हणजे काय ते सांगितलं. तुझी ती एकांकिका सांगितली, नायकाने संहितेचं दीड पान खाल्लं होतं आणि तू कुजबुजत त्याला बरोबर पुढच्या कागदावर आणून ठेवलं होतंस. ती मनापासून हसली आणि तिची वही दाखवली. तिला फारसी येत नाही. तालमींना बसून बसून तिने समासात पेन्सिलीने आवाजांच्या खुणा केल्या आहेत. 'इथे श्वास.' 'इथे चादर झटकते.' 'इथे ती खोटं बोलते, आवाज वर जातो.' एका ओळीला जेमतेम 40 अक्षरं, एका वेळी दोनच ओळी. बाकीचं सगळं नटीच्या अंगावर सोडायचं, म्हणाली.

सगळंच असं भिडलं नाही, हेही सांगतो. एका चार तासांच्या प्रयोगात मी दोन तासांनी बाहेर आलो. एका मांडणशिल्पाशेजारी एवढा मजकूर भिंतीवर होता की वस्तू बघायला डोळे उरले नाहीत. आणि एक गोष्ट मला खुपते. के.व्ही.एस.पासून कालवा चालत काही मिनिटांवर, पलीकडे मोलेनबेक, मोरोक्कोतून आलेल्या कुटुंबांची वस्ती. ह्या शहराच्या रस्त्यावर अरबी, तुर्की, लिंगाला, पोर्तुगीज रोज ऐकू येते. सभागृहात मात्र बरेचसे चेहरे तेच ते असतात. दोन भाषांनी मिळून भिंत बांधली हे थोरच, पण शहर आता दोन बिऱ्हाडांचं राहिलेलं नाही.

हे शहर नाटकाला हलक्यात घेत नाही, कारण घेऊन चालत नाही. 25 ऑगस्ट 1830 च्या रात्री इथल्या ला मोनेय नाट्यगृहात ऑबेर ह्या फ्रेंच संगीतकाराची, परक्या सत्तेविरुद्धच्या बंडावरची ऑपेरा चालू होती, प्रेक्षक पेटले, रस्त्यावर उतरले, आणि त्या दंगलीतून पुढे बेल्जियम हा देश झाला. मी त्या नाट्यगृहावरून रोज जातो.

आणि आता तुझ्या अहिराणीबद्दल. 2007 साली जपानी नाटककार तोशिकी ओकादा यांच्या चेल्फिच ह्या नाटकमंडळींनी देशाबाहेरचा आपला पहिला प्रयोग ह्याच महोत्सवात केला. त्यांची पात्रं छापील जपानी बोलत नाहीत. टोकियोतली पोरं जशी बोलतात तशी, अर्धी वाक्यं, घुटमळणं, तेच तेच पुन्हा, आणि अंग भलतीकडेच हलत असतं. परक्या देशात जायचंय म्हणून त्यांनी ती भाषा धुऊनपुसून घेतली नाही. इथल्या लोकांनी पट्टी वाचत तीच ऐकली, आणि त्यानंतर त्यांना जगभरातून बोलावणी आली.

तू फोनवर पहिला प्रवेश वाचून दाखवला होतास, आठवतं? माय चुलीपाशी बसलेली, पोरगा बॅग भरतोय, आणि ती त्याच्याकडे न बघता म्हणते, "काय करी ऱ्हायना रे?" तिला दिसतंय तो काय करतोय ते. तरी विचारते. ह्याचं तू 'काय करतो आहेस?' केलंस तर ती बाई उठून जाईल नंदू, तिच्या जागी शाळेतल्या बाई येऊन बसतील. स्पर्धेच्या परीक्षकांना एखादा शब्द नाही कळला तर नाही कळला. माझ्या शेजारच्या सत्तरीच्या बाईंना फारसीचं अक्षर येत नव्हतं आणि चादर खाली पडली तेव्हा त्यांनी माझं मनगट घट्ट धरलं होतं, माझी-त्यांची ओळख नसताना.

फिरवलेली पानं बाजूला ठेव, फाडू नकोस, पण मला ती नको. मला मूळ संहिता पाठव, तुझ्या खाडाखोडीसकट. त्या मुलीला मी कबूल केलंय की पहिल्या प्रवेशाचं फ्रेंच करून दाखवीन, 40 अक्षरांच्या ओळींत. "काय करी ऱ्हायना रे?" पाशीच मी अडकणार हे मला आत्ताच दिसतंय. तिथे माय किती वेळ थांबते, ते तेवढं तू समासात लिहून पाठव.

काकूंना नमस्कार सांग.

तुझा,
विनू