विहिरीच्या झाकणात दोरालाही जागा ठेवा

मा. संपादक यांस,

सप्रेम नमस्कार.

वादळ-पावसाचे दिवस आले की वीज जाण्याआधी काय तयारी ठेवावी याच्या सूचना छापून येतात. मोबाइल चार्ज करा, टॉर्चचे सेल बघा, फ्रिज सारखा उघडू नका. पाण्याबद्दल एवढेच असते, की टाकी भरून ठेवा. वीज संध्याकाळपर्यंत येणार असेल तर तेवढे पुरते. पण ती चार-आठ दिवस आलीच नाही तर घरच्या विहिरीवर अवलंबून असलेल्यांची वेगळीच पंचाईत होते. दारात पाणी दिसत असते आणि हंडा घेऊन दुसरीकडे जावे लागते.

याचे कारण विजेइतकेच आपल्या बांधकामात आहे. मोटार बसली की रहाट निघतो, कप्पीचा लोखंडी आडवा बार कापला जातो आणि विहिरीवर स्लॅब पडतो. त्यात पाइप आणि केबल जाईल एवढेच भोक. झाकण हवेच, याबद्दल वाद नाही. कचरा, उंदीर, बेडूक आणि मुख्य म्हणजे लहान मुले, यांच्यासाठी ते हवे. पण उचलता येईल असे कुलपाचे दार त्याच झाकणात ठेवायला गवंड्याला अर्धा दिवस जास्त लागतो. ते राहून जाते, कारण त्या वेळी घरात वीज असते.

मग पहिला प्रश्न येतो तो इन्व्हर्टरचा. ‘पंखा चालतो, टीव्ही चालतो, मग मोटार का नाही?’ याचे उत्तर समजून घेण्यासारखे आहे. पाणी वर चढवायला ऊर्जा फारशी लागतच नाही. विहिरीतल्या पातळीपासून गच्चीवरच्या टाकीपर्यंत २० मीटर धरले, तर १००० लिटर पाणी चढवण्याचे निव्वळ काम ०.०५५ युनिटच्या आसपास भरते. पंपाच्या आणि मोटारीच्या घटीत दोन-तृतीयांश गेले असे समजले तरी पाव युनिटसुद्धा होत नाही. १२ व्होल्ट, १५० अँपिअर-अवरच्या बॅटरीत कागदावर १.८ युनिट असतात, म्हणजे हिशेबाने टाकी सहज भरावी. अडते ते सुरू होण्याच्या क्षणाला. एक अश्वशक्तीची साधी मोटार सुरू होताना नेहमीच्या पाच ते सात पट करंट ओढते, आणि घरगुती इन्व्हर्टर तेवढा देऊ शकत नाही, तो ट्रिप होतो. म्हणून मोठी बॅटरी घेण्याआधी मोटारीकडे बघावे. सावकाश वेग घेणारी, कंट्रोलरवर चालणारी मोटार किंवा छोटा डीसी पंप असेल तर पाणी हळू येईल, पण येईल. २०० वॅटच्या सोलर पॅनेलवरही अशा पंपाने चांगल्या उन्हात दिवसाला हजारभर लिटर निघू शकते. मात्र वीज बहुधा जाते तीच आभाळ भरलेले असताना, हे विक्रेता सांगत नाही.

जनरेटर हा दुसरा उपाय, आणि त्याबद्दल दोन गोष्टी कडकपणे सांगायला हव्यात. तो घराच्या वायरिंगला जोडायचा तर चेंजओव्हर स्विच, म्हणजे घराला एका वेळी एकाच बाजूची वीज जोडणारा खटका, लागतोच. नाहीतर तुमची वीज उलटी तारांवर जाते आणि वीज आली नाही म्हणून खांबावर चढलेला लाइनमन तिने मरू शकतो. दुसरे असे, की जनरेटर किंवा डिझेल इंजिन विहिरीत उतरवू नये, विहिरीच्या तोंडाशीही चालवू नये. धुरातला कार्बन मोनॉक्साइड हा विषारी वायू विहिरीत कोंडून राहतो, त्याला वास नसतो, आणि पाठोपाठ वाचवायला उतरलेला माणूसही वर येत नाही. पोहरा पडला तर तो गळाने काढायचा. गळ मिळाला नाही तर दुसरा पोहरा घ्यायचा, पण माणूस खाली सोडायचा नाही.

आता हाताने काढण्याबद्दल. आपत्तीच्या मदतकार्यात वापरले जाणारे ‘स्फिअर’ निकष माणशी रोज किमान १५ लिटर पाणी धरतात. पाच माणसांच्या घराला ७५ लिटर. १० लिटरच्या पोहऱ्याने आठ खेपा. १२ मीटर खोल विहिरीतून तेवढे काढायला पाव तास, फार तर वीस मिनिटे. एरवी हजार लिटरची टाकी रोज रिकामी करणाऱ्या घराला हा आकडा हास्यास्पद वाटेल, पण पिणे, स्वयंपाक आणि हातपाय धुणे यात भागते. जास्त पाणी खाते ते संडासचे फ्लश, आणि तिथे अंघोळीचे, भांड्यांचे पाणी बादलीने ओतले की झाले.

कप्पीने वजन कमी होते असा समज आहे. एका स्थिर कप्पीने ते कमी होत नाही, दिशा बदलते. वर उपसण्याऐवजी खाली ओढता येते, अंगाचे वजन कामी येते आणि कंबर वाचते. जोर खरा वाचवतो तो रहाट, कारण दोर गुंडाळणाऱ्या लाटेपेक्षा त्याचा दांडा लांब असतो. रहाट नसेल तर एकाच दोराच्या दोन टोकांना दोन पोहरे बांधावेत. एक भरून वर येताना दुसरा रिकामा खाली जातो, पोहऱ्यांची वजने एकमेकांना तोलतात, हातावर येते ते फक्त पाणी आणि थोडा दोर. म्हाताऱ्या माणसांच्या घरात पोहराच पाच लिटरचा ठेवावा, खेपा वाढल्या तर वाढू देत. आणि दोर जाड घ्यावा; बारीक नायलॉन भिजला की तळहात कापतो.

हापसा बसवायचा असेल तर आधी पाण्याची पातळी मोजावी, तीही भर उन्हाळ्यातली. जमिनीवरून पाणी ओढून घेणारा पंप, हाताचा असो की विजेचा, हवेच्या दाबावर चालतो. तो दाब समुद्रसपाटीला सुमारे १०.३ मीटर पाणी तोलतो आणि प्रत्यक्षात सात-साडेसात मीटरच्या पुढे भरवसा नसतो. पाणी त्याहून खोल असेल तर पंपाचा सिलिंडर (ज्यात दट्ट्या हलतो ती नळी) पाण्यात बुडलेला हवा. १९७० च्या दशकात युनिसेफच्या मदतीने घडलेला ‘इंडिया मार्क टू’ हातपंप याच तत्त्वाचा आहे आणि तो ४०-४५ मीटरवरूनही पाणी देतो. बोअरवाल्यांची अडचण इथे जास्त आहे. केसिंगमध्ये, म्हणजे बोअरमध्ये बसवलेल्या बाहेरच्या पाइपमध्ये, सबमर्सिबलचा पाइप आणि केबल असताना बहुधा दुसऱ्या कशाला जागा उरत नाही, आणि नळीचा लांबट पोहरा सोडायला गेले तर तो केबलमध्ये अडकतो. त्यांनी बोअर मारण्याआधीच केसिंगच्या व्यासाचा विचार करावा. मारून झालेल्यांना मोठी साठवण टाकी हाच सरळ मार्ग दिसतो.

पोहरा वेगळा आणि स्वच्छ हवा, दोर मातीत लोळू देऊ नये. पिण्याचे पाणी उकळी फुटल्यावर निदान मिनिटभर खळखळू द्यावे. वीज आल्यावर लगेच बटण दाबू नये; पहिला काही वेळ व्होल्टेज वरखाली होत असते. मोटार वर बसवलेली असेल आणि फूटव्हॉल्व्ह (पाइपच्या तळाची, पाणी परत खाली जाऊ न देणारी झडप) गळका असेल, तर एवढ्या दिवसांत सक्शन पाइप रिकामा झालेला असतो. पाणी भरून हवा काढल्याशिवाय ती कोरडी फिरून सील जाळते.

विहिरीवर मोटार बसवून देणारे वायरमन आणि स्लॅब टाकणारे गवंडी आपले वर्तमानपत्र वाचतात. आपण पुढच्या वेळी सूचनांची यादी छापाल तेव्हा त्यांच्यासाठी एक ओळ घालावी, ही विनंती : झाकणात दीड फुटाचे, कुलूप लागणारे दार आणि त्यावर कप्पी टांगायला एक बार.

आपला,
विहीर असलेला एक वाचक