टेबलावर हात कुठे ठेवला होता? आरोग्यमंत्र्यांना खुले पत्र

मा. सार्वजनिक आरोग्यमंत्री,
महाराष्ट्र राज्य, मुंबई

महोदय,
सविनय नमस्कार.

मी सरकारी रुग्णालयातून निवृत्त झालेली परिसेविका. नोकरीतली एकोणीस वर्षं ऑपरेशन थिएटरमध्ये गेली. आज लिहितेय ते एका दिसायला लहान गोष्टीबद्दल. लांबलेल्या ऑपरेशनमध्ये रुग्णाला टेबलावर कसं ठेवलं जातं, आणि त्यापायी त्याचे खांदे, कोपर, कंबर, गुडघे नंतर किती दिवस ठणकत राहतात, याबद्दल.

गेल्या पावसाळ्यात माझ्या थोरल्या भावाचं मणक्याचं ऑपरेशन झालं. सहा तासांच्या वर चाललं. ऑपरेशन चांगलं झालं, हे आधीच सांगते. पायात उतरणारी कळ थांबली, काही दिवसांत तो आधाराशिवाय चालू लागला. डॉक्टरांविषयी आमच्या घरात कृतज्ञताच आहे, म्हणून रुग्णालयाचं नाव इथे लिहीत नाही. पण भूल उतरल्यावर दादा पाठीबद्दल अवाक्षर बोलला नाही. "माझा उजवा खांदा कुणी उपटला गं?" एवढंच विचारत राहिला.

दादाला मधुमेह आहे. उजवा खांदा दोन वर्षांपासून आखडलेला. सदरा घालताना तो आधी उजवी बाही चढवतो, मग डावी. डोक्याला तेल लावायचं तर डाव्या हाताने. मणक्याच्या ऑपरेशनला रुग्णाला पालथं घालतात आणि पुष्कळदा दोन्ही हात कोपरात वाकवून डोक्याच्या बाजूला आर्मबोर्डवर, म्हणजे टेबलाला जोडलेल्या हात ठेवायच्या फळीवर, ठेवतात. जागेपणी जो हात कानाच्या वर जात नव्हता, तो भुलीत गेला. ज्यांनी तो हात उचलला त्यांना अडथळा जाणवलाच नसेल, कारण स्नायू शिथिल करणारं औषध दिलेलं असतं. सांध्याची राखण स्नायूच करतात. ते सुटले की सांधा नेऊ तिकडे जातो, आणि आखडलेला असेल तर आतून ताणला जातो. दादाला खांद्याविषयी आधी कुणी विचारलं नव्हतं. मी त्याच्या शेजारी उभी होते, एकोणीस वर्षं थिएटर केलेली बाई, आणि मलाही सांगायचं सुचलं नाही. ते मला अजून लागतं.

रात्री झोपेत हात अंगाखाली आला तर मुंग्या येतात आणि आपण नकळत कूस बदलतो. भुलीत कूस बदलता येत नाही. दुखतंय हे सांगणारी वाटच बंद केलेली असते. वरून हिरव्या चादरी पसरल्या की हात-पाय दिसेनासे होतात. मध्येच टेबल तिरकं केलं तर अंग चार बोटं सरकतं आणि नीट ठेवलेलं कोपर पॅडवरून उतरतं. कधी दमलेला सहायक नकळत त्याच हातावर रेलतो. सहा तासांत हे काहीही होऊ शकतं, आणि त्याची साक्ष द्यायला रुग्ण जागा नसतो.

दादाच्या बाबतीत खांद्यावर भागलं नाही. कोपराच्या आतल्या बाजूला, जिथे आपटलं की झिणझिण्या थेट करंगळीपर्यंत जातात, तिथून अल्नर नावाची नस हाडालगत जाते. तिच्यावर कातडीखेरीज फारसं काही नसतं. कोपर खूप वाकवून ठेवलं की ती ताणली जाते, कडक बोर्डावर टेकलं की दबते. दादाची उजवी करंगळी आणि शेजारचं बोट बधिर झालं.

आमचं गाव वारणेकाठी. दादाच्या गोठ्यात चार म्हशी, दोन्ही वेळचं दूध डेअरीला जातं. मुठीने धार काढताना अंगठा आणि पहिलं बोट सडाला वरून आवळतात, मग एकेक बोट मिटत खाली येतं आणि शेवटचा दाब करंगळीचा. तो दाबच नाहीसा झाला. धार अर्ध्यावर तुटायची आणि म्हैस पान्हा चोरायची. चार महिने वहिनीने एकटीने धारा काढल्या. आता बोटांत जीव आला आहे. खांदा मात्र आधी होता त्याहून आखडला आहे. डिस्चार्ज कार्डावर या कशाचा एक शब्द नाही. मणक्याबद्दल सगळं आहे.

हे सगळं निष्काळजीपणातूनच होतं असं मी म्हणत नाही. कोपराखाली पॅड नीट घालूनही कधीकधी ही नस दुखावते, हे भूलतज्ज्ञांना ठाऊक आहे. जाड किंवा फार बारीक अंगाची माणसं, मधुमेही, सांधेदुखीवाले यांना धोका जास्त. म्हणून तर आधी विचारायला हवं.

बायकांच्या दुखण्याबद्दलही लिहिते, कारण ते कुणी लिहीत नाही. गर्भाशयाच्या किंवा मूत्रमार्गाच्या काही ऑपरेशनला दोन्ही पाय वर स्टँडला लावतात. हे पाय दोघांनी मिळून एकाच वेळी उचलायचे आणि एकाच वेळी उतरवायचे असतात, नाहीतर कंबर आणि खुब्याचा सांधा पिळवटतो. रात्रपाळीला मामा, म्हणजे वॉर्डबॉय, एकच असले की एक पाय आधी, दुसरा मागून. मीही तसे उतरवले आहेत. तेव्हा दुसरा इलाजच नव्हता. आपल्याकडे घरोघरी बायका म्हणतात, "पाठीत सुई दिली तेव्हापासून कंबर गेली." सगळा दोष त्या सुईवर जातो. पण भुलीत पाठीचे स्नायू सैल पडतात, कमरेचा नैसर्गिक बाक सपाट होतो आणि तासन्‌तास तो ताण हाडं बांधून ठेवणाऱ्या नुसत्या बंधांवर येतो, हे त्यांना कुणी सांगत नाही. उताण्या रुग्णाच्या गुडघ्यांखाली एक उशी सरकवली तरी कमरेला आराम पडतो. उशीला किती पैसे लागतात?

जागतिक आरोग्य संघटनेने २००८ साली शस्त्रक्रियेच्या सुरक्षिततेसाठी १९ मुद्द्यांची चेकलिस्ट दिली. रुग्णाचं नाव, ऑपरेशनची बाजू, ॲलर्जी, रक्तस्रावाची शक्यता, शेवटी गॉज आणि सुयांची मोजणी. तिने जीव वाचवले आहेत यात शंका नाही. त्या १९ मुद्द्यांत रुग्णाच्या पोझिशनचा, म्हणजे त्याला टेबलावर कसं ठेवलं याचा, मुद्दा नाही. मात्र ही यादी परिपूर्ण नाही आणि स्थानिक गरजेप्रमाणे तिच्यात भर घालावी, असं त्याच कागदावर छापलेलं आहे. अमेरिकेतल्या भूलतज्ज्ञांच्या संघटनेने तर २००० सालीच याविषयी सूचना काढल्या आणि २०१८ मध्ये त्या सुधारून पुन्हा दिल्या. ऑपरेशनला लागणारी पोझिशन रुग्णाला सोसते का हे आधी पाहावं, उताण्या रुग्णाचा हात खांद्यातून ९० अंशांहून जास्त फाकवू नये, कोपराला पॅड द्यावं, काय केलं ते लिहून ठेवावं आणि भूल उतरल्यावर हाता-पायांच्या नसा तपासाव्यात, असं त्यांत आहे.

यातलं पहिलं काम बिनखर्चाचं आहे, म्हणून माझा सगळा भर त्यावर आहे. रुग्ण जागा असताना त्याला म्हणायचं, "काका, हात वर करून दाखवा. मान वळवा. गुडघे पोटाशी घ्या." दोन मिनिटं लागतात. दादाने हात वर केला असता तर तो कुठे अडतो ते वॉर्डातल्या नव्या मुलीलाही दिसलं असतं, आणि ते केसपेपरवर चढलं असतं तर तो हात डोक्याशी नेण्याऐवजी अंगालगत ठेवता येईल का, याचा निदान विचार झाला असता. आपल्या जिल्हा आणि उपजिल्हा रुग्णालयांत जी चेकलिस्ट भरली जाते तिच्यात एवढी ओळ घालण्याचा आदेश आपल्या सहीने निघू शकतो. वैद्यकीय महाविद्यालयं दुसऱ्या खात्याकडे आहेत, हे मला माहीत आहे. तिकडच्या मंत्रिमहोदयांशी आपण बोलावं.

त्या ओळीखाली पोझिशन कुणी दिली त्याची सही हवी. आज हे काम सगळ्यांचं आहे, म्हणजे कुणाचंच नाही. सर्जन हात धुवायला गेलेले, भूलतज्ज्ञ नळी आणि मॉनिटर सांभाळतात, सिस्टर ट्रॉली लावते, आणि पोझिशन मामांच्या अनुभवावर राहते. मामांना ते शिकवलेलं नसतं. ते पाहून पाहून शिकतात, आणि त्यातले काही फार उत्तम करतात. एका मामांची आठवण मी कधी विसरणार नाही. कुशीवर ठेवलेल्या रुग्णाच्या छातीखाली, काखेच्या थोडं खाली, ते टॉवेलात गुंडाळलेली सलाइनची पिशवी सरकवायचे, म्हणजे खालच्या खांद्यावर भार येत नाही. मग स्वतःचा पंजा काखेत घालून बघायचे, जागा राहिली आहे ना. जेल पॅड, म्हणजे दाब पडू न देणारी मऊ गादी, आमच्याकडे नव्हतं. चादरीच्या घड्या, कापसाचे रोल आणि तो पंजा.

जेल पॅड आता तरी प्रत्येक थिएटरला मिळावं, आणि महात्मा फुले जनआरोग्य योजनेच्या यादीत रुग्णालय घेताना ते आहे का, हे पाहिलं जावं. योजनेत रुग्णालयागणिक रुग्णांना मदत करणारे आरोग्यमित्र आहेत. घरी सोडताना त्यांनी किंवा सिस्टरने रुग्णाला एक प्रश्न विचारावा: जिथे ऑपरेशन झालं ती जागा सोडून आणखी कुठे दुखतंय, कुठे बधिर वाटतंय? उत्तर कार्डावर लिहावं, म्हणजे पुढच्या खेपेला कुणी "वयामुळे असेल" म्हणून परत पाठवणार नाही. दादाला तसंच परत पाठवलं होतं, दोनदा.

आपण सांगाल त्या जिल्हा रुग्णालयात मी थिएटरमधल्या मुलींना आणि मामांना पोझिशन दाखवायला येईन. मानधन नको. मी येण्याआधी टेबलाला दोन्ही बाजूंचे आर्मबोर्ड आहेत का, तेवढं मात्र पाहून घ्यायला सांगा. आमच्या थिएटरात कित्येक वर्षं एकच होता.

आपली,
एक निवृत्त परिसेविका