मेंढ्यांची लस दसऱ्याला द्या, कोकरं गेल्यावर नको

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

मागच्या आठवड्यात तुमच्या पेपरात जुळी देणाऱ्या मेंढ्यांवर लेख आला होता, आमच्या घरी सगळ्यांना बसवून मी तो वाचून दाखवला कारण तशाच मेंढ्या आमच्या दारात आहेत. लेख चांगला होता पण एका मेंढीला दोन कोकरं म्हणजे उत्पन्न डबल एवढा हिशोब मांडून संपला, ती दोन्ही कोकरं व्यायच्या रात्रीपासून पुढचे तीन महिने जगवायची कशी यावर एक ओळ नव्हती. म्हणून हे पत्र.

आम्ही माण तालुक्यातले. तीन एकर कोरडवाहू आणि 16 मेंढ्या, फिरस्ती नाही, घरच्या रानात नि बांधावर चारायच्या आणि रात्री वाडग्यात, म्हणजे कुंपण घातलेल्या आवारात. फलटणच्या निंबकर संस्थेनं बंगालच्या सुंदरबनातल्या बारक्या गरोळ मेंढीचा जुळ्यांचा गुण आपल्या दख्खनी मेंढीत आणून नारी सुवर्णा ही जात तयार केली, त्यातला एक नर आम्ही चार वर्षांपूर्वी घेतला आणि आता त्याच्या लेकी व्यायला लागल्यात. पावसाळा लागून चारा झाला की मेंढ्या माजावर येतात, पाच महिने पोटात, म्हणजे दिवाळीच्या मागंपुढं जे सुरू होतं ते डिसेंबरपर्यंत. या वर्षी 9 दिवसांत 11 मेंढ्या व्याल्या आणि 17 कोकरं झाली, त्या 9 दिवसांत आत्या (माझ्या सासूबाई) आणि मी आळीपाळीनं झोपलो.

एका रात्री दोनच्या सुमारास एक पहिलारू (पहिल्यांदाच व्याणारी मेंढी) अडली. नाक दिसत होतं पण खूर एकच, दुसरा पाय मागं राहिलेला. 1962 या नंबरला फोन केला की जनावरांच्या डॉक्टरांची गाडी येते, तिचा आधार आहेच, पण अशा वेळी घरातल्या कुणाला तरी हात घालता आला पाहिजे. आत्यांनी नखं काढली, साबणानं कोपरापर्यंत हात धुतला, गोडं तेल लावलं आणि कळ ओसरल्यावर डोकं हलकेच आत सारून गुडघ्यात बोट अडकवून पाय पुढं घेतला, खूर मुठीत झाकून घेतलं म्हणजे आत कुठं फाटायला नको. बाहेर आलं तेव्हा श्वास नव्हता. नाकातोंडातला चिकटा काढून गोणपाटानं खसाखसा पुसल्यावर ते शिंकलं, आणि तोवर मेंढीला परत कळा, आत दुसरं होतं.

जुळ्यांचा खरा प्रश्न इथून पुढं. एकेक कोकरू दोन-सव्वादोन किलोचं, थंडी कडाक्याची, आणि मेंढीच्या पोटात असताना कोकराला आईकडून रोगाशी लढायची ताकद मिळतच नाही, ती सगळी चिकातून, म्हणजे व्याल्यावरच्या पहिल्या घट्ट दुधातून येते. चीक पहिल्या तासाभरात पोटात गेला पाहिजे, पहिल्या दिवसात वजनाच्या निदान 10 टक्के तरी, कारण दिवस उलटला की आतडं ती ताकद आत घेत नाही. धाकटं कोकरू बहुतेक वेळा मागं पडतं, उठून सड शोधेपर्यंत थोरलं पिऊन मोकळं झालेलं असतं. आम्ही ज्या मेंढीला एकच झालंय तिचा जास्तीचा चीक काढून छोट्या बाटल्यांतून फ्रीजरमध्ये ठेवतो आणि लागेल तेव्हा कोमट पाण्यात बाटली धरून पातळ करतो, थेट गॅसवर ठेवला की त्याचा खरवस होतो आणि औषध गेलं. शेजारची शेळी नुकतीच व्यायलेली असेल तर तिचाही चालतो.

आता माझं मुख्य म्हणणं. गेल्या साली जानेवारीत आमची तीन कोकरं गेली आणि ती अशक्त नव्हती, सगळ्यात गुबगुबीत होती. संध्याकाळी उड्या मारणारं कोकरू सकाळी मान मागं टाकून पाय झाडत होतं आणि दुपारच्या आत संपलं. हा आंत्रविषार. याचे जंतू आतड्यात असतातच, दूध किंवा हिरवं किंवा भरडा अचानक जास्त झाला की ते वाढतात आणि विष तयार होतं, म्हणून चांगलं पिणारं कोकरूच आधी जातं. उपचाराला वेळच मिळत नाही. लस मात्र आहे आणि ती गाभण मेंढीला व्यायच्या महिनाभर आधी दिली की चिकातून कोकराला संरक्षण मिळतं, मग कोकराला तिसऱ्या महिन्यात स्वतःची. आधी कधीच दिली नसेल तर दोन-तीन आठवड्यांच्या अंतरानं दोन डोस.

आमच्या भागातल्या दवाखान्यात त्या वर्षी ऑक्टोबरमध्ये विचारलं तर लस शिल्लक नाही, पावसाळ्याआधी येते तेव्हा या असं सांगितलं. पावसाळ्याआधीची लस हवीच, कोवळ्या गवतावर मोठी मेंढरंही याच रोगानं जातात, पण दिवाळीत व्याणाऱ्या मेंढीच्या कोकराला मे महिन्यातल्या डोसाचा किती उपयोग होणार? या वर्षी आम्ही पाच घरांनी पैसे काढून लस विकत आणली, कारण बाटली 16 मेंढ्यांची मिळत नाही आणि एकदा फोडली की त्याच दिवशी संपवावी लागते. बर्फाच्या डब्यातून मोटरसायकलवर आणली. एकही कोकरू अजून गेलेलं नाही.

माझी पशुसंवर्धन खात्याला विनंती आहे की माण, खटाव, आटपाडी, जत अशा मेंढरांच्या तालुक्यांत दसऱ्याच्या सुमाराला या लसीचा दुसरा फेरा ठरवून द्यावा, आणि वाडीवस्तीवर येऊन द्यावा कारण गाभण मेंढ्या मैलभर हाकत नेणं धोक्याचं आहे. आणि तुम्हाला विनंती अशी की पुढच्या सप्टेंबरमध्ये, नफ्याच्या लेखाच्या आधी, लस कधी द्यायची आणि चीक कसा पाजायचा एवढी एक चौकट छापा. आमच्या वाडीत पेपर एकच येतो पण तो सगळ्या घरांत फिरतो.

आपली,
एक मेंढीपालक वाचक
ता. माण, जि. सातारा