हार्नेस आहे, पण हूक कुठे अडकवायचा?

मा. संपादक,
स.न.वि.वि.

पावसाळ्याआधी आमच्या सोसायटीच्या सातमजली इमारतीला बाहेरून रंग द्यायचे काम निघाले. ठेकेदाराने चार रंगारी पाठवले. मी अनेक वर्षे कारखान्यात मेंटेनन्सला होतो, त्यामुळे सवयीने गच्चीवर चक्कर मारली. रंगारी ज्यावर बसून रंग देतात त्या झुल्याचा दोर पाण्याच्या टाकीच्या पाइपला बांधलेला होता. कठड्याच्या धारेवर तो घासू नये म्हणून खाली गोणपाटाची घडी. पोरांच्या अंगात नवेकोरे हार्नेस (सुरक्षा पट्टे) होते, पण त्यांचे हूक त्याच झुल्याच्या दोराला! तो तुटला असता तर झुला आणि माणूस एकदमच खाली आले असते. मी काम थांबवले. त्यांच्यातला एक म्हणाला, "काका, दुसरीकडे अडकवायला आहे काय इथं?" खरेच काही नव्हते.

कारखान्यात लाइफलाइन, म्हणजे हार्नेसचा हूक अडकवायचा दोर, वेगळी आणि तिचा आधारही वेगळा, हे पहिल्या दिवशी शिकवले जाई. पडण्याची शक्यता असलेल्या उंचीवर कामगाराच्या सुरक्षेची तरतूद करणे कारखाने अधिनियमाच्या कलम ३२ नुसार मालकावर बंधनकारक होते आणि निरीक्षक येई तेव्हा ते तपासले जाई. सोसायटीच्या गच्चीवर कोण येणार? बांधकाम कामगारांचा आधीचा १९९६ चा कायदा घ्या किंवा त्याच्या जागी आलेली कामगार सुरक्षेची २०२० ची संहिता, दोन्हींत किमान १० कामगारांची अट. चार रंगाऱ्यांची टोळी त्यात बसतच नाही. पडून मेला तर "बेल्ट दिला होता" म्हणून ठेकेदार हात झटकणार, आणि आपणही.

एक उपाय मात्र आपल्या हातात आहे. सोसायटीच्या उपविधींप्रमाणे १५ ते ३० वर्षांच्या इमारतीचे दर पाच वर्षांनी आणि त्याहून जुन्या इमारतीचे दर तीन वर्षांनी स्ट्रक्चरल ऑडिट करावे लागते. त्या वेळी इंजिनिअर गच्चीवर येतोच. हार्नेससाठी पक्के हूक कुठे बसवायचे आणि ते किती भार पेलतील, हे त्याच अहवालात लिहून घ्यावे. सहकार खात्याने आदर्श उपविधींत तशी अट घालावी आणि नव्या इमारतीला भोगवटा प्रमाणपत्र देतानाही हे हूक पाहिले जावेत.

आम्ही शेवटी लिफ्टच्या मशीनरूमच्या आरसीसी कॉलमला स्वतंत्र लाइफलाइन बांधून घेतली. काम दोन दिवस लांबले, काही सभासद नाराज झाले. चौघेही रंगारी काम संपवून धडधाकट गावी गेले.

आपला,
एक वाचक, डोंबिवली