अंगठा आमचा, कागद मात्र ‘वैयक्तिक’?

संपादक महोदय,

गेल्या महिन्यात रेशनच्या ई-केवायसीसाठी माझ्या पत्नीचा अंगठा यंत्रावर चारदा ठेवून घेतला. जन्मभर खुरपणी करून झिजलेला तो अंगठा, ठसा उमटेना. धान्य बंद होईल या धास्तीने ती निमूट उभी राहिली.

त्याच आठवड्यात माझ्या माहिती अधिकाराच्या अर्जाला उत्तर आलं. आमच्या गावचा रस्ता पहिल्याच पावसात खचला, म्हणून मी त्याचं मोजमाप पुस्तक मागितलं होतं. ग्रामसेवक म्हणून मी अशी कितीतरी पुस्तकं पाहिली आहेत. लांबी, रुंदी, खडीचा थर किती जाडीचा, आणि खाली अभियंत्याची सही. यात खासगी ते काय? तरी एका ओळीत उत्तर : ‘माहिती वैयक्तिक असल्याने देता येत नाही.’

ही पळवाट कायद्यानेच रुंद केली आहे. पूर्वी वैयक्तिक माहिती नाकारायची, तर तिचा सार्वजनिक कामाशी वा हिताशी संबंध नाही, किंवा ती दिल्याने कुणाच्या खासगीपणात विनाकारण ढवळाढवळ होते, असं असावं लागे. २०२३च्या डेटा संरक्षण कायद्याच्या कलम ४४(३)ने ही अट काढली आणि नोव्हेंबर २०२५पासून ती तरतूद लागूही झाली. त्याच कायद्याच्या कलम १७(२)नुसार सरकार आपल्या यंत्रणांना मात्र त्या कायद्यातून सूट देऊ शकतं. सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायमूर्तींनी २४ ऑगस्ट २०१७ रोजी खासगीपणाचा हक्क दिला तो नागरिकाला. त्याची ढाल दप्तरापुढे धरली जाते, याची मला चीड येते. केंद्राच्याही आधी माहिती अधिकाराचा कायदा करणारं हे राज्य आहे!

वाचकांना कळकळीने सांगतो, नकार आला म्हणून कागद फाडू नका. माहिती अधिकार कायद्याचं कलम ८(२) अजून शाबूत आहे : जनहित मोठं असेल, तर माहिती देता येते. ते कलम अर्जातच लिहा आणि तीस दिवसांत पहिलं अपील करा. आवाज उठवला की फरक पडतो : प्रत्येक नव्या मोबाइलमध्ये ‘संचार साथी’ हे सरकारी अ‍ॅप घालण्याची सक्ती डिसेंबर २०२५मध्ये सरकारने काही दिवसांतच मागे घेतली, ती देशभर ओरड झाली म्हणूनच.

माझं अपील दाखल झालं आहे. त्याच रस्त्याने रोज दूध घालायला जाणारी आठ-दहा माणसं सुनावणीला सोबत येणार आहेत. पत्नीही येते म्हणाली.

– एक निवृत्त ग्रामसेवक, जि. सोलापूर