कयाक गाईडचे आणि जहाजावरच्या आचाऱ्याचे आभार

जुलैत आम्ही दोघं नागपूरहून आर्क्टिकमधल्या नॉर्वेच्या स्वालबार्ड बेटांवर, तिथल्या लाँगइयरब्येन गावाहून निघणाऱ्या एका लहान जहाजावर गेलो होतो. ७८ अंश उत्तर अक्षांश. रात्री बारालाही लख्ख ऊन. हिमअस्वल दिसलं, तेही लांबून. तिथल्या नियमानुसार जुलैत ३०० मीटरच्या आत जाता येत नाही, आणि ते बरंच आहे.

कोंग्सफ्योर्ड या समुद्राच्या चिंचोळ्या खाडीत, कड्यावरचे पफिन (रंगीत चोचीचे समुद्रपक्षी) बघत कयाक, म्हणजे छोटी अरुंद होडी, वल्हवत होतो. अचानक हिमनदीवरून वारा सुटला, लाट उसळली आणि हिच्या हातमोज्यांत पाणी शिरलं. बोटं बधिर झाली, वल्हं धरवेना. डिसेंबरातल्या आठ अंशांनाच कडाका म्हणणारी आम्ही माणसं! माझा तर आवाजच फुटेना.

गाईड मुलगी शांतपणे शेजारी आली. आमची कयाक स्वतःच्या कयाकला घट्ट धरून ठेवली, ओले मोजे उतरवले, हिचे हात स्वतःच्या तळव्यांत धरून चोळले आणि आपले जाड, कोरडे मोजे तिला घातले. मग रेडिओवरून रबरी बोट बोलावली. ती येईपर्यंत हिला नागपूरच्या संत्र्यांबद्दल विचारत राहिली. स्वतःचे हात मात्र उघडेच.

जहाजावर फिलिपिनो आचाऱ्याने, आम्ही शाकाहारी हे लक्षात ठेवून, मऊ भात आणि मसुरीचं गरम सूप थेट खोलीत पाठवलं. वर आलंही किसलेलं!

दोघांनाही नावं छापलेली नको होती. सोबतची संत्रा बर्फी त्यांना दिली, पण तेवढ्याने आमचं समाधान होईना. म्हणून इथे, सगळ्यांसमोर, दोघांचे मनापासून आभार.